डावीकडे यंत्र, उजवीकडे विक्री: दोन कन्सोलची तुलना कशी करावी

कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढा. डावीकडे यंत्राची माहिती लिहायची, उजवीकडे विक्रीची. दोन्ही बाजू भरून होईपर्यंत एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा नाही. माझी अट एवढीच असते, आणि दरवर्षी वर्गात ती पाळून घेतानाच मला सगळ्यात जास्त कष्ट पडतात.

मी कोल्हापुरात पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मायक्रो प्रोजेक्टसाठी मुलांना दोन कन्सोल (घरी गेम खेळायची यंत्रं) निवडून तुलना करायला देते, कारण बस, क्लॉक, मेमरी मॅप या पुस्तकात कोरड्या वाटणाऱ्या गोष्टी इथे थेट पडद्यावर दिसतात. मुलं मात्र निकाल मनात ठरवूनच येतात. "मॅडम, पीएस टू (प्लेस्टेशन टू) सगळ्यात जास्त खपला, म्हणजे तोच सगळ्यात ताकदीचा असणार ना?" किंवा, "एक्सबॉक्सचे टेराफ्लॉप जास्त आहेत, मग तो मागे कसा पडला?" (टेराफ्लॉप म्हणजे ग्राफिक्स चिप सेकंदाला किती लाख कोटी गणितं करू शकते त्याचं माप.) दोन्ही प्रश्नांत एका बाजूचं उत्तर दुसऱ्या बाजूला शोधलेलं असतं. कन्सोलच्या इतिहासात ते तिथे क्वचितच सापडतं.

आधी जोडी नीट निवडा. एकाच काळातली, एकाच टीव्हीला जोडायची, एकाच गिऱ्हाइकासाठी बनलेली यंत्रं घ्या. पीएस टू आणि पीएस फाइव्ह यांची तुलना करून फक्त मधली वीस वर्षं मोजली जातात. शिकायला सगळ्यात चांगला गट २०००-०१चा: सोनीचा पीएस टू, निन्टेन्डोचा गेमक्यूब आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स. तिघांची अंतर्रचना एकमेकांपासून पूर्ण वेगळी होती, त्यामुळे आळशी तुलना इथे लगेच उघडी पडते.

डावी बाजू: क्लॉकवर थांबू नका

क्लॉक म्हणजे प्रोसेसरच्या सेकंदातल्या टिकटिकी, मेगाहर्ट्झमध्ये मोजलेल्या. पीएस टूचा प्रोसेसर सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा, गेमक्यूबचा ४८५चा आणि एक्सबॉक्सचा ७३३चा. हे तीन आकडे लिहून मुलं मोकळी होतात. पण एक्सबॉक्समध्ये इंटेलच्या पेंटियम थ्री घराण्यातली चिप होती, गेमक्यूबमध्ये आयबीएमची पॉवरपीसी, आणि पीएस टूच्या 'इमोशन इंजिन'मध्ये मुख्य प्रोसेसरच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिट्स होती, त्रिमितीय आकृत्यांचं गणित करणारी. एका टिकटिकीत कोण किती काम उरकतो हे तिघांचं वेगळं. क्लॉक लिहा, पण शेजारी चिपचं घराणं लिहा, आणि घराणं वेगळं असेल तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी-भागाकार करू नका.

'बिट'चा रकाना तर मी काढूनच टाकला आहे. नव्वदच्या दशकात जाहिराती त्यावर चालायच्या. प्रोसेसरची नोंदवही (रजिस्टर) किती बिट रुंद आहे यावरून पडद्यावर काय दिसेल ते ठरत नाही.

रॅम लिहिताना बेरीज करण्याआधी ती कुठे जोडलेली आहे ते बघा. एक्सबॉक्समध्ये ६४ एमबी एकत्र होती, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांच्या वाट्याला. पीएस टूमध्ये ३२ एमबी मुख्य, आणि ग्राफिक्स चिपच्या पोटात ४ एमबी. गेमक्यूबमध्ये २४ एमबी वेगवान आणि १६ एमबी संथ; ही दुसरी आवाजासाठी आणि डिस्कवरून आलेला माल तात्पुरता ठेवण्यासाठी. गेमक्यूबला '४० एमबी' लिहिणं म्हणूनच चूक. हीच चूक आज एक्सबॉक्स सिरीज एसबाबत होते. त्यात १० जीबी आहे, पण ८ जीबी सेकंदाला २२४ जीबी वेगाची आणि उरलेली २ जीबी फक्त ५६ जीबी वेगाची.

पीएस टूच्या त्या ४ एमबीवर जरा थांबू, कारण तिथे हे यंत्र समजतं. ६४० गुणिले ४८० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला साधारण १२ लाख २९ हजार बाइट. दाखवायचं एक चित्र, काढायचं एक, आणि कोणती वस्तू पुढे-मागे आहे याची नोंद ठेवणारं तिसरं: झाले जवळपास ३७ लाख. चार एमबीत टेक्स्चरला, म्हणजे वस्तूंवर चिकटवायच्या चित्रांना, उरलं अर्धा एमबी. म्हणून अनेक गेम कमी उंचीच्या चौकटीत चित्र काढत. पण त्याच ४ एमबीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता, एक्सबॉक्सच्या मुख्य मेमरीचा ६.४ जीबी. धूर, ठिणग्या, पाऊस अशी एकावर एक पारदर्शक थरांची चित्रं पीएस टू ढीगभर रचू शकायचा. त्याला सरसकट 'कमकुवत' म्हणणारं मूल मी परत पाठवते आणि 'कशात कमकुवत' हे लिहून आणायला सांगते.

टेराफ्लॉप कधी उपयोगाचा असतो

चिपचं घराणं एकच असेल तेव्हा. २०१३ साली सोनीचा पीएस फोर आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एकाच महिन्यात आले आणि दोन्हींत एएमडीची, एकाच जातीची ग्राफिक्स चिप होती. अशी जोडी मिळाली की सोन्याहून पिवळं. आकडा कंपनीकडून घ्यायचा नाही, स्वतः काढायचा. कम्प्यूट युनिटची संख्या गुणिले ६४, गुणिले २, गुणिले क्लॉक. एका युनिटमध्ये ६४ गणकं असतात, आणि एक गुणाकार-बेरीज मिळून दोन क्रिया धरतात.

पीएस फोर: १८ युनिट, ८०० मेगाहर्ट्झ. १८ × ६४ × २ × ०.८ म्हणजे १८४३ गिगाफ्लॉप (हजार गिगाफ्लॉपचा एक टेराफ्लॉप). एक्सबॉक्स वन: १२ युनिट, ८५३ मेगाहर्ट्झ. उत्तर १३१०. गुणोत्तर १.४.

आता मेमरी. दोघांकडे ८ जीबी, म्हणून खोक्यावरची ओळ सारखीच. पण पीएस फोरने ग्राफिक्स कार्डात वापरतात ती जीडीडीआर फाइव्ह घेतली, सेकंदाला १७६ जीबी. एक्सबॉक्स वनने साध्या संगणकातली डीडीआर थ्री घेतली, ६८ जीबी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हवी असतील तर या आकड्यांना ६० ने भागा: एका फ्रेमच्या वेळात पीएस फोर सुमारे २.९ जीबी माल हलवू शकतो, एक्सबॉक्स वन १.१. ही भागाकाराची एक पायरी मुलांना लावली की बँडविड्थ (मेमरीचा माल हलवायचा वेग) म्हणजे काय ते पुन्हा समजवावं लागत नाही.

मायक्रोसॉफ्टला ही उणीव ठाऊक होती, म्हणून त्यांनी चिपमध्येच ३२ एमबीची अतिवेगवान मेमरी बसवली. तिच्यावर वर केलेलंच गणित करून बघा. त्या काळातले बरेच गेम अंतिम चित्राआधी रंग, पृष्ठभागाची दिशा, चकाकी असे चार थर आणि खोलीचा पाचवा थर काढत. १९२० × १०८०, चार बाइट: एक थर ८३ लाख बाइटचा, पाच थर ४ कोटी १५ लाख. ३२ एमबी म्हणजे ३ कोटी ३५ लाख. मावत नाही. १६०० × ९०० ला पाच थर २ कोटी ८८ लाख, ते मावतात. एक्सबॉक्स वनवर इतके गेम ९०० रेषांवर का चालत, याचं मोठं कारण या वजाबाकीत आहे. आणि १०८० चे पिक्सेल ९०० च्या १.४४ पट, आपलं गणकांचं गुणोत्तर १.४ निघालं होतं.

कागदावरचं गणित खऱ्या गेमवर तपासल्याशिवाय डावी बाजू पूर्ण झाली असं मी मानत नाही. दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी आलेला गेम घ्यायचा. 'कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स' २०१३ मध्ये पीएस फोरवर १०८० रेषांत आणि एक्सबॉक्स वनवर ७२० रेषांत चालला. 'बॅटलफिल्ड फोर' ९०० आणि ७२० वर. एका गेमवरून निकाल देऊ नका, निदान चार-पाच बघा. एकाच यंत्रासाठी बनलेला गेम या कामाला चालत नाही, कितीही देखणा असला तरी.

पुढच्या पिढीत हेच सूत्र लावलं तर पीएस फाइव्ह ३६ युनिट, २.२३ गिगाहर्ट्झ, १०.२८ टेराफ्लॉप, एक्सबॉक्स सिरीज एक्स ५२ युनिट, १.८२५ गिगाहर्ट्झ, १२.१५. फरक अठरा टक्के, आणि पडद्यावर तो बहुतेक वेळा शोधावा लागतो. पीएस फाइव्हची एसएसडी (गेम साठवायची चिप) मात्र सेकंदाला ५.५ जीबी वाचते, सिरीज एक्सची २.४. पण पीएस फोरच्या १.८४ ला पीएस फाइव्हच्या १०.२८ शेजारी ठेवून '५.६ पट' म्हणू नका. मधल्या काळात चिपची रचना बदलली आहे आणि एका टेराफ्लॉपमधून निघणारं काम वाढलं आहे.

उजवी बाजू: हा आकडा नक्की कशाचा?

कंपन्या जाहीर करतात तो आकडा बहुधा दुकानदारांना पाठवलेल्या यंत्रांचा असतो, घरी गेलेल्या यंत्रांचा नव्हे. लाँचच्या वर्षी आणि अगदी शेवटी हा फरक मोठा असू शकतो, मधल्या वर्षांत तो विरघळतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहा: कोणी सांगितला, कोणत्या तारखेपर्यंतचा, आणि पाठवलेला की विकलेला. तिसऱ्याच कुणी बांधलेला अंदाज असेल तर पेन्सिलने लिहा.

सोनी आणि निन्टेन्डोचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. मायक्रोसॉफ्टचं जुलै ते जून. तिमाहींची तुलना करताना नाताळची तिमाही दोघांकडे वेगवेगळ्या क्रमांकावर येते, हे विसरलात की सगळा तक्ता एक घर सरकतो.

त्यातही मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून यंत्रांची संख्या सांगणंच थांबवलं. अशा वेळी आकडा रचू नका, मर्यादा लिहा. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे मायक्रोसॉफ्टनेच म्हटलं की सोनीने त्या पिढीत एक्सबॉक्सच्या दुपटीहून जास्त यंत्रं विकली. पीएस फोरचा शेवटचा जाहीर आकडा ११.७ कोटी. म्हणजे एक्सबॉक्स वन ५.८५ कोटींच्या खाली. कागदावर '< ५.८५ कोटी' एवढंच लिहायचं. मला हे उत्तर कुठल्याही गुळगुळीत आकड्यापेक्षा जास्त आवडतं, कारण ते कुठून आलं हे मूल फळ्यावर सिद्ध करू शकतं.

आता या बाजूचं सगळ्यात महत्त्वाचं काम: कालखिडकी, म्हणजे दोन्ही यंत्रांसाठी सारखाच कालावधी धरणं. आयुष्यभराची बेरीज शेजारी-शेजारी ठेवणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा अपुरं. पीएस टू १५.५ कोटींच्या वर गेला, गेमक्यूब २.१७ कोटींवर थांबला, एक्सबॉक्स सुमारे २.४ कोटींवर. पण पीएस टू मार्च २००० पासून २०१३च्या सुरुवातीपर्यंत बनत होता, गेमक्यूब २००७ मध्येच बंद झाला. १० कोटींचा टप्पा पीएस टूने नोव्हेंबर २००५ मध्ये गाठला. म्हणजे साडेपाच कोटी यंत्रं त्यानंतरची, त्यातली बरीचशी पीएस थ्री बाजारात असताना, उतरलेल्या किमतीत गेलेली. समान खिडकीतही पीएस टू प्रचंड पुढेच आहे; फक्त किती पुढे, ते बदलतं.

यापेक्षा शिकवणारी जोडी निन्टेन्डोच्या घरातच आहे. वी नोव्हेंबर २००६ मध्ये आला, स्विच मार्च २०१७ मध्ये. पहिली पाच आर्थिक वर्षं संपताना वी ८.६० कोटींवर होता आणि स्विच ८.४६ कोटींवर. वी किंचित पुढे! आता पुढची वर्षं मांडा. वी १०.१६ कोटींवर संपला. स्विच मार्च २०२५ अखेर १५.२१ कोटींवर होता. वीचं सर्वोत्तम वर्ष तिसरं होतं (२.६० कोटी), स्विचचं पाचवं (२.८८ कोटी). बेरजेच्या शेवटच्या ओळीत हे दिसत नाही, वर्षावार आलेखात दिसतं. आलेख काढल्याशिवाय प्रोजेक्ट मी स्वीकारत नाही. आणि आलेख काढला की प्रश्नही चांगले सुचतात: स्विचच्या बेरजेत २०१९चा लाइट आणि २०२१चं ओएलईडी मॉडेलही धरलेलं आहे, एका घरात दोन यंत्रं गेली असतील का? हातातल्या आणि टीव्हीच्या यंत्रांची दोन वेगळी गिऱ्हाइकं एकत्र आली का?

यंत्रामागे किती गेम विकले, हा एक भागाकारही करा. निन्टेन्डो दोन्ही आकडे देते. वी: ९२.१९ कोटी गेम भागिले १०.१६ कोटी यंत्रं, म्हणजे ९.१. गेमक्यूब: २०.८६ भागिले २.१७, म्हणजे ९.६. एन सिक्स्टीफोर: २२.५० भागिले ३.२९, म्हणजे ६.८. गेमक्यूब थोड्याच लोकांनी घेतला, पण ज्यांनी घेतला त्यांनी वीच्या गिऱ्हाइकापेक्षा दरडोई जास्त गेम घेतले.

या भागाकाराची मर्यादा आपल्याकडच्या माणसाला लवकर कळते. इथे राजारामपुरीतल्या गेम पार्लरमध्ये पीएस टू तासावर मिळायचा. त्या एका यंत्रावर शंभर मुलं खेळली असतील, विक्रीत ते एकच. डिस्क बहुतेक नक्कल केलेल्या, त्या तर कुठल्याच तक्त्यात नाहीत. विकलेली यंत्रं, खेळणारे लोक आणि कंपनीचा नफा या तीन वेगळ्या राशी आहेत. पीएस थ्री आला त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला होता, कारण यंत्र बनवायचा खर्च विक्रीच्या किमतीहून जास्त होता. म्हणजे लाखो यंत्रं गेली, आणि प्रत्येकामागे पैसेही गेले.

आता दोन्ही बाजू जोडा

'म्हणून खपला' असं वाक्य लिहायचं असेल तर डावीकडची एक ओळ आणि उजवीकडची एक तारीख दाखवा, आणि मग तेच कारण दुसऱ्या जोडीवर लावून बघा.

ताकदीमुळे खपतो? २००१चा गट नाही म्हणतो. किमतीमुळे? अमेरिकेत पीएस टू आणि एक्सबॉक्स २९९ डॉलरना आले, गेमक्यूब १९९ ला, आणि २००३ मध्ये तर ९९ ला. तरीही तो मागेच. पीएस फोर ताकदवान होता आणि खपलाही, पण तो एक्सबॉक्स वनपेक्षा १०० डॉलरने स्वस्तही होता. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं ते या एका जोडीवरून ठरत नाही. शिवाय एक्सबॉक्स वन जून २०१४ मध्ये किनेक्टशिवाय (हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्याशिवाय) ३९९ ला आला, म्हणून किमतीची ओळ नेहमी तारखेसह लिहा.

ज्या ओळीकडे कुणी बघत नाही ती माध्यमाची, म्हणजे गेम कशावर विकला जातो याची. एन सिक्स्टीफोरचा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झ, पहिल्या प्लेस्टेशनचा ३३.८७. पण एन सिक्स्टीफोरच्या काडतुसात (गेमची चिप असलेल्या डबीत) जास्तीत जास्त ६४ एमबी, आणि सीडीत ६५०, तीही बनवायला स्वस्त. 'फायनल फँटसी सेव्हन' १९९७ मध्ये तीन सीडींवर आला, प्लेस्टेशनवर. ज्या मालिकेचे आधीचे भाग निन्टेन्डोवर असायचे, ती गेली. एन सिक्स्टीफोरचे ३.२९ कोटी आणि प्लेस्टेशनचे १०.२ कोटी या दोन आकड्यांमागे ही एक ओळ बराच भार उचलते. दुसऱ्या जोडीवर तपासा: पीएस टूला डीव्हीडी, गेमक्यूबला दीड जीबीची छोटी डिस्क. पीएस टू सिनेमे दाखवायचा, जुन्या प्लेस्टेशनचे गेम चालवायचा, आणि अमेरिकेत इतर दोघांच्या वर्षभर आधी दुकानात होता. इथे कारण टिकतं. वीवर तपासा तर टिकत नाही. तो हातातल्या रिमोटमुळे पोचला, अशा घरांत जिथे आधी कन्सोलच नव्हता. एकच कारण सगळ्या पिढ्यांना लागू पडत नाही, आणि कुठे तुटतं ते लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते.

तुलना स्वतःच्या खरेदीसाठी असेल तर उजवी बाजू इथल्या मापाने भरा. सिरीज एक्स भारतात १० नोव्हेंबर २०२० ला, जगाबरोबरच आला. पीएस फाइव्ह २ फेब्रुवारी २०२१ ला, जवळपास तीन महिन्यांनी. तेव्हा दोन्ही ४९,९९० रुपयांना. स्विच इथे वर्षानुवर्षं आयातदारांच्या दुकानांतूनच मिळत आला आहे. कंट्रोलर बिघडला तर जवळचं सेवा केंद्र किती लांब, हा रकाना जगभरच्या विक्रीपेक्षा तुमच्या जास्त कामाचा.

सरावासाठी हातात धरून खेळायचे निन्टेन्डो डीएस आणि सोनीचा पीएसपी घ्या, दोन्ही २००४च्या अखेरचे. डीएसमध्ये ६७ आणि ३३ मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर आणि ४ एमबी. पीएसपीमध्ये ३३३ मेगाहर्ट्झ आणि ३२ एमबी. डावीकडे सावध राहा: पीएसपीच्या गेमना सुरुवातीची वर्षं २२२ मेगाहर्ट्झचीच परवानगी होती, पूर्ण ३३३ ची मोकळीक २००७ मध्ये मिळाली. तारीख न घालता क्लॉक लिहिलात तर ओळ चुकेल. उजवीकडे डीएसचे १५.४ कोटी सरळ मिळतात. पीएसपीचा आकडा लिहिताना सोनीची मोजणी २००७ मध्येच बदलली हे लक्षात घ्या. आधी ते कारखान्यातून बाहेर पडलेली यंत्रं मोजत, नंतर विक्री म्हणून नोंदलेली. दोन्ही काळांच्या आकड्यांमध्ये एक आडवी रेघ मारा, आणि कोणता आकडा रेघेच्या वरचा, कोणता खालचा, ते शेजारी लिहा.